वाचकांचे प्रश्न : रिव्हॉल्व्हर वॉरंटीत आहे, पण कारखान्यात पाठवायचं कसं?

प्रश्न : न्हावरे भागात माझी ऊसशेती आणि दूध संकलनाचा धंदा आहे. दर दहा दिवसांनी दुधाचा हप्ता वाटायला रोकड घेऊन पहाटे फिरावं लागतं. म्हणून रीतसर परवाना काढला आणि मागच्या वर्षी पुण्यातल्या परवानाधारक दुकानातून बत्तीस बोरचं नवं देशी रिव्हॉल्व्हर घेतलं. सव्वा लाखाच्या वर पैसे गेले. पहिल्यापासून दोन तक्रारी आहेत. घोडा पडतो, पण काही काडतुसं फुटत नाहीत. आणि चाप ओढताना चक्री मधेच अडकते. शेतात चार-दोन गोळ्या मारून पाहिल्या, त्याचं मोबाईलवर चित्रणही आहे. दुकानदार म्हणतो कारखान्याला कळवा, कानपूरच्या कारखान्यात फोन केला तर म्हणतात दुकानदारामार्फत पाठवा. माझा पुतण्या अमेरिकेत आहे. तो म्हणतो, तिकडे लोक बंदूक सरळ कंपनीला पार्सल करतात आणि दुरुस्त होऊन ती घरी येते. मी तसं करू का? आणि त्यांनी हात वर केले तर मला कानपूरला जाऊन भांडावं लागेल का?
– एक वाचक, ता. शिरूर

उत्तर : पार्सलचा विचार आधी डोक्यातून काढा. पुतण्या सांगतो ते अमेरिकेत खरं आहे. तिथे मालकाला आपलं हत्यार दुरुस्तीसाठी थेट उत्पादकाकडे धाडता येतं आणि उत्पादकाला ते परत मालकाच्या पत्त्यावर पाठवता येतं. आपल्याकडे हत्यार ही आधी परवान्यावरची वस्तू आहे आणि मग वॉरंटीतली. ते तुमच्या हातातून ज्याच्या हातात जाईल, त्याच्याकडे ते का आहे याचा कागद प्रत्येक टप्प्यावर असायला हवा. वाटेत पार्सल हरवलं तर कंपनी वॉरंटीचं बघेल न बघेल, पोलीस मात्र जाब तुम्हालाच विचारणार, कारण नंबर तुमच्या परवान्यावर चढलेला आहे.

मग न्यायचं कसं? शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ३ मध्येच याची सोय आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. परवानाधारकाच्या समक्ष, किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर, दुसरी व्यक्ती स्वतःचा परवाना नसतानाही दुरुस्तीसाठी किंवा परवाना नूतनीकरणासाठी हत्यार नेऊ शकते. म्हणजे तुम्ही आजारी असाल तर मुलगा ते दुकानापर्यंत नेऊ शकतो. पण तुमच्या सहीचं पत्र, परवान्याची प्रत आणि रिकामी चक्री, या तिन्ही गोष्टी हव्यात. तरीही शक्य असेल तर स्वतःच जा, असं मी सांगेन. शिरूरहून पुणे काही लांब नाही आणि नाकाबंदीत चौकशी झालीच तर मालक समोर असलेला बरा.

दुकानदाराने 'कारखान्याला कळवा' म्हणून मोकळं होणं मला मान्य नाही. पैसे त्याने घेतले, बिल त्याचं आहे. ज्याच्याकडे विक्रीसोबत दुरुस्तीचाही परवाना आहे असा दुकानदार हत्यार आपल्या नोंदवहीत चढवून घेऊ शकतो आणि कारखान्याकडे रीतसर पाठवू शकतो. कारखाना 'दुकानदारामार्फत पाठवा' म्हणतो तो याच कारणाने, आणि तुमच्यासाठीही तीच वाट सुरक्षित आहे. तुमचा परवाना फक्त महाराष्ट्रापुरता असेल तर स्वतः उत्तर प्रदेशात हत्यार नेणं तसंही चालणार नाही. त्यासाठी परवान्याचं क्षेत्र वाढवून किंवा वेगळी परवानगी घेऊन जावं लागेल.

दुकानात हत्यार देताना पोचपावतीवर काय लिहून घ्यायचं, ते नीट ऐका, कारण पुढचं सगळं याच कागदावर उभं राहणार आहे. हत्याराचा नंबर, बनावट, बोर, परवाना क्रमांक आणि त्यावरचा यूआयएन, तारीख, 'वॉरंटीतील दुरुस्तीसाठी स्वीकारले' हे शब्द, आणि दोष काय आहे ते तुमच्या शब्दांत. 'सर्व्हिसिंगसाठी' एवढंच लिहिलेली पावती घेऊ नका. साफसफाईला दिलेलं हत्यार आणि सदोष म्हणून दिलेलं हत्यार यांत उद्या ग्राहक आयोगासमोर जमीन-अस्मानाचा फरक पडतो. नंबर, चक्री, नळी यांचे जवळून फोटो काढून ठेवा. या पावतीची प्रत जोडून एक साधा अर्ज तुमच्या पोलीस ठाण्यात आणि एक जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत द्या आणि दोन्हींवर शिक्का घ्या. शिरूर आणि दौंड पुणे ग्रामीणमध्ये येतात, त्यामुळे तुमचा परवाना प्राधिकारी जिल्हाधिकारी. शहरातल्यांसारखा पोलीस आयुक्त नव्हे. हत्यार कारखान्यात असताना नूतनीकरणाची तारीख आली किंवा निवडणुकीत जमा करण्याची नोटीस आली, तर 'हत्यार दाखवा' म्हटल्यावर दाखवायला हीच पोच असते.

आता त्या चित्रणाबद्दल. तुम्हाला वाटतं तो कंपनीविरुद्धचा पुरावा आहे. मला त्यात तुमच्याविरुद्धचा पुरावा दिसतो. २०१९ च्या दुरुस्तीने कलम २५ मध्ये पोटकलम ९ आलं. त्यानुसार दुसऱ्याच्या जिवाला किंवा सुरक्षिततेला धोका होईल अशा बेदरकार, निष्काळजी किंवा आनंदोत्सवाच्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. तुमच्या शेतात त्या वेळी कोणी नसेलही, पण उसात कोण आहे हे उभ्या माणसाला दिसत नाही. शिवाय परवाना स्वसंरक्षणासाठी दिलेला आहे. त्याच्या अटींचा भंग झाला असं कोणी म्हटलं तर कलम ३० आहे आणि कलम १७ खाली परवाना निलंबित किंवा रद्दही होऊ शकतो. चित्रण पुसू नका, पण कोणाला पाठवूही नका. आधी तुमच्या वकिलाला दाखवा. यापुढे चाचणी परवानगी असलेल्या रेंजवर किंवा दुकानदाराकडच्या अधिकृत सोयीनेच करा.

दोष कशात आहे, हेही वेगळं काढायला हवं. चक्री अडकणं हा सरळ हत्याराचा दोष आहे आणि तो रिकाम्या चक्रीवरही दाखवता येतो, तेव्हा तक्रारीत तोच पहिला मांडा. काडतूस न फुटण्याची कारणं मात्र दोन असू शकतात : घोड्याचा मार हलका पडतो, किंवा काडतुसाची टोपीच खराब. न फुटलेल्या काडतुसाच्या बुडावर खूण उथळ आहे की खोल, दुसऱ्या खोक्यातल्या काडतुसांनाही तसंच होतं का, यावरून जाणकार ते ओळखतो. म्हणून न फुटलेली काडतुसं आणि त्यांचा खोका टाकू नका. ती वेगळी ठेवा आणि लक्षात असू द्या, ती अजून जिवंत आहेत. घोडा पडून बार झाला नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबायचं. उशिरा होणारा बार हात घेऊन जातो.

ही विभागणी कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्वाची आहे. पूर्वी आयुध निर्माणी मंडळाच्या छत्राखाली हत्यार आणि काडतूस दोन्ही होतं. १ ऑक्टोबर २०२१ पासून मंडळाच्या कारखान्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. कानपूरची स्मॉल आर्म्स फॅक्टरी, फील्ड गन फॅक्टरी आणि बंगालमधली ईशापूर रायफल फॅक्टरी 'ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया लिमिटेड' या कानपूरच्या कंपनीकडे गेल्या. खडकी आणि वरणगावचे दारूगोळ्याचे कारखाने 'म्युनिशन्स इंडिया लिमिटेड'कडे, जिचं मुख्यालय आपल्या पुण्यातच आहे. तुमचं हत्यार सरकारी कंपनीचं आहे की खासगी कारखान्याचं, हे मी इथे छापत नाही. मुद्दा एवढाच की हत्यार आणि काडतूस बनवणारे वेगळे असतील तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवणार. तक्रारीत दोघांनाही सामील करा, दुकानदाराला तिसरा.

फोन करणं आता थांबवा. एक पत्र लिहा. बिलाची तारीख, नंबर, दोष, दुकानात दिल्याची पावती, आणि मागणी : मोफत दुरुस्ती, ती जमत नसेल तर बदली हत्यार, नाहीतर पैसे परत. पंधरा दिवसांची मुदत द्या. स्पीड पोस्टने पोच मागवून दुकानदार आणि उत्पादक दोघांना पाठवा, ईमेलवरही टाका. वॉरंटी संपायला आठवडा उरला असला तरी हे पत्र त्या आठवड्यात गेलं पाहिजे.

कंपनीने दुरुस्तीऐवजी नवं हत्यार देऊ केलं तर हरखून जाऊन लगेच ताब्यात घेऊ नका. मिक्सर किंवा पंप बदलून मिळाला की आपण घरी आणतो. इथे बदलून आलेल्या हत्याराचा नंबर वेगळा असतो आणि तुमच्या परवान्यावर जुना. जुना नंबर परवान्यावरून उतरवून नवा चढवून घेण्याचा अर्ज आधी करा, आदेश हातात आल्यावरच नवं हत्यार दुकानातून उचला. मुख्य सांगाडा बदलला तरी हाच नियम, कारण नंबर त्यावरच ठोकलेला असतो. पैसे परत घेतले तर परवाना रिकामा होतो. दुसरं हत्यार घ्यायला मुदत मिळावी म्हणून परवाना प्राधिकाऱ्याकडे वेगळा अर्ज लागेल. बदली देण्याच्या पत्रात 'परवान्यावरील नोंदीला लागणाऱ्या काळात वॉरंटीची मुदत मोजू नये' असं कंपनीकडून लिहून घेता आलं तर जरूर घ्या.

आता कानपूरचा प्रश्न. नाही, जावं लागणार नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ३४ प्रमाणे तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा आयोगात करता येते. तुमच्यासाठी तो पुण्याचा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. बिलाखाली बारीक अक्षरात 'अमुक शहराच्या न्यायकक्षेत' असं छापलेलं असलं तरी त्याला बिचकू नका. जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाखांची आहे, ती तुम्ही मोजलेल्या किमतीवरून ठरते आणि ५ लाखांपर्यंत शुल्क शून्य आहे. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायची. वकील असलाच पाहिजे असंही नाही. ऑनलाइन ई-जागृती पोर्टलवर दाखल करता येते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली तर काही वेळा तेवढ्यानेच कंपनी हलते.

'हत्याराला ग्राहक कायदा लागत नाही' असं तुम्हाला कोणी सांगेल. त्या कायद्यात हत्यारं वगळलेली नाहीत. कायद्याने किंवा कराराने अपेक्षित असलेल्या दर्जात कोणतीही उणीव म्हणजे दोष, अशी त्यातली व्याख्या आहे, आणि करार उघड असो वा गर्भित. म्हणजे वॉरंटी कार्डावर घोड्याच्या माराचा उल्लेख नाही म्हणून ते सुटत नाहीत. दोष नुसत्या डोळ्यांनी ठरत नसेल तर कलम ३८ प्रमाणे आयोग वस्तू सीलबंद करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो आणि अहवालाला ४५ दिवसांची मुदत आहे. शुल्क आधी तुम्हाला भरायला सांगतील. सिद्ध झालं तर कलम ३९ खाली दोष दूर करणं, बदली, पैसे परत आणि भरपाई, असे आदेश आयोग देऊ शकतो. देव न करो, पण सदोष हत्यारामुळे इजा झाली तर कायद्याच्या सहाव्या प्रकरणातलं उत्पादन-दायित्व वेगळं आहे. त्यात उत्पादनातला दोष दाखवला की पुरतं, 'आमचा निष्काळजीपणा नव्हता' एवढं म्हणून उत्पादक सुटत नाही.

इथे पुतण्याला सांगण्यासारखी गोष्ट आहे. अमेरिकेत हत्यार पाठवणं सोपं आहे, पण तिथल्या ग्राहकोपयोगी वस्तू सुरक्षा आयोगाला बंदुकांवर अधिकारच नाही. तो बंदूक परत मागवण्याचा हुकूम देऊ शकत नाही. २०१७ मध्ये सिग साउअरचं पी-३२० पिस्तूल खाली पडल्यावर आपोआप बार होत असल्याचं उघड झालं, तेव्हाही कंपनीने 'ऐच्छिक सुधारणा' जाहीर केली. कोणी तिला तसा हुकूम दिलेला नव्हता. टॉरसच्या पिस्तुलांसाठी मालकांना सामुदायिक दावा लढवावा लागला. आपल्याकडे कागद जास्त आहेत हे खरं, पण साध्या अर्जाने दाद मागण्याचं दार उघडं आहे, आणि ते फार थोडे परवानाधारक वापरतात, याचं मला वाईट वाटतं.

एक शेवटची गोष्ट, तुम्ही विचारली नसली तरी. शिरूरमध्ये राहणाऱ्याच्या मनात रोकडीइतकाच बिबट्या असतो. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड भागात बिबट्याचे जे हल्ले झाले, त्यानंतर तर असणारच. पण हे हत्यार त्यासाठी नाही, कायद्यानेही नाही आणि ताकदीनेही. बिबट्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहे. प्राण वाचवताना सद्भावनेने घडलेलं कृत्य कलम ११ माफ करतं, हे खरं. पण बत्तीस बोरच्या गोळीने जखमी झालेला बिबट्या आणखी घातक होतो. वन विभागाला फोन करा.

प्रश्न : पाटसजवळच्या आमच्या ओळखीच्या एका परवानाधारकाकडून मी जुनं रिव्हॉल्व्हर विकत घेतलं. नोंदी सगळ्या झाल्या आहेत. दोन महिन्यांत चापाची स्प्रिंग तुटली. विकणाऱ्याकडून खर्च घेता येईल का? दौंडला राज्य राखीव दलात ओळखीचा आर्मोरर आहे, तो म्हणतो तासाभरात करून देतो. काही हरकत आहे का?
– एक वाचक, ता. दौंड

उत्तर : दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण ते तातडीचं आहे. हरकत आहे आणि मोठी आहे. दौंडला राखीव दलाचे दोन गट आहेत, तिथल्या आर्मोररच्या हाताला तोड नसेल. पण ते कसब दलाच्या हत्यारांसाठी आहे. खासगी हत्यार दुरुस्त करायला कलम ५ खालचा परवाना लागतो. परवान्याशिवाय दुरुस्ती करणाऱ्याला, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, कलम २५(१)(अ) खाली कमीत कमी सात वर्षं आणि जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगितली आहे. चांगल्या मनाने मदत करणाऱ्या माणसाची नोकरी आणि पेन्शन तुम्ही पणाला लावाल. त्याला स्पष्ट नको म्हणा. लेथवाल्याचं आणि घड्याळजीचंही तेच. परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच द्या आणि वर सांगितली तशी पावती घ्या.

विकणाऱ्याबद्दल : तो व्यापारी नाही, त्याने स्वतःचं हत्यार विकलं. त्यामुळे ग्राहक आयोगात हा वाद बसत नाही. वस्तुविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६ मधली दर्जाची गर्भित हमी मुख्यतः अशा मालाचा धंदा करणाऱ्याला बांधते, घरगुती विक्रेत्याला नाही. त्याने दोष माहीत असून मुद्दाम लपवला असेल तर फसवणूक म्हणून करार कायद्याखाली दावा करता येतो, पण जुन्या हत्याराची स्प्रिंग तुटणं हे झिजेचं लक्षण आहे. त्यासाठी कोर्टात जायचा सल्ला मी देणार नाही. स्प्रिंगचा खर्च सोसा.

'नोंदी सगळ्या झाल्या' म्हणता, पण एक तपासा. एका परवानाधारकाने दुसऱ्याला हत्यार विकताना जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवून ४५ दिवस थांबायचं असतं. त्या पत्राची पोच विकणाऱ्याकडून मागून घ्या. ते राहिलं असेल तर स्प्रिंगपेक्षा तो प्रश्न मोठा आहे आणि तो घेऊन लवकर वकिलाकडे जा.

प्रश्न : निवडणुकीत पोलीस ठाण्यात जमा केलेलं नवं पिस्तूल परत मिळालं तेव्हा नळीत गंज होता. वॉरंटीत बसेल का?
– एक वाचक, ता. दौंड

उत्तर : बसणार नाही. गंज हा बनावटीतला दोष धरत नाहीत, साठवणुकीतला धरतात. नळीत गंज असताना बार करू नका. आधी परवानाधारक दुकानात दाखवा आणि तपासणीचा शेरा लेखी घ्या. ठाण्याचं नाव मी गाळलं आहे, पण तुम्ही पोलीस अधीक्षक, पुणे ग्रामीण यांच्याकडे जमा पावती आणि हा शेरा जोडून अर्ज करा. पुढच्या वेळी जमा करण्याआधी हत्यार साफ करून नळीला आतून-बाहेरून तेल लावा, पावतीवर 'चालू स्थितीत, गंजविरहित' असं लिहून घ्या, आणि समोरच फोटो काढायची परवानगी मागा. प्रत्येक परवानाधारकाने जमा केलंच पाहिजे असंही नाही. कोणाचं हत्यार जमा करायचं हे निवडणुकीच्या काळात जिल्ह्यातली छाननी समिती ठरवते. तुमच्यावर गुन्हा नसेल आणि जिवाला धोका असल्याचं सांगता येत असेल, तर नोटीस हातात पडताच समितीकडे सवलतीचा अर्ज करा.